न वाचलेली कार्डं

माझी बायको एका शाळेत ग्रंथपाल होती. तिला जाऊन चौदा महिने झाले. शाळेने तिच्या वस्तू पिशवीत भरून घरी पाठवल्या. स्वेटर, चष्म्याचं घर, कप आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. शिपायाला वाटलं असणार, डबा म्हणजे घरचाच. त्यात बिस्किटं नव्हती. जाड कागदाची कार्डं होती, शेकड्यांनी, सगळी तिच्या अक्षरात.

डबा शाळेचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी परत केला नाही.

त्या कार्डांचं असं होतं. एखाद्या मुलाने काही विचारलं की ती प्रश्न कार्डावर लिहायची आणि उत्तर कुठे सापडेल ते त्याखाली. कोणतं पुस्तक, कोणता कप्पा, कोणतं पान. उत्तर स्वतः द्यायची नाही. "उत्तर दिलं की पोर निघून जातं, पान सांगितलं की बसतं," म्हणायची. डबा ग्रंथालयाच्या दाराजवळ स्टुलावर असायचा. कुणीही यावं, न विचारता कार्ड काढून बघावं. कार्डावर मुलाचं नाव नसायचं. एकदा ती ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाला गेली होती. तिथे सांगितलं की प्रत्येक प्रश्नापुढे नाव, इयत्ता आणि तारीख हवीच. घरी येऊन तिने पर्स खुर्चीवर आपटली. "नाव लिहिल्यावर मूल दुसऱ्यांदा विचारायला येतं होय? हे लोक कधी लहान नव्हतेच वाटतं." पुढच्या वर्षी ती डबा काखोटीला मारून प्रशिक्षणाला गेली आणि सगळ्यांना हेच ऐकवून आली. त्यानंतर तेच लोक तिला दर वर्षी बोलायला बोलवू लागले.

हे सगळं मला ती जेवताना सांगायची. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पुस्तकांच्या वाटेला कधी गेलो नाही, तिच्या शाळेतही नाही.

ती गेल्यावर मी रोज दुपारी तीन वाजता एक कार्ड वाचायला लागलो. एकच. दोन वाचली तर पुढचा एक दिवस कोरडा जाणार, म्हणून हात आवरायचो.

"मुंगी उंचावरून पडली तर तिला लागतं का? खिडकीजवळचा कप्पा, हिरवं जाड पुस्तक, पान ११२. चित्र बघून हसू येईल."

"आजोबा एकच गोष्ट परत परत का सांगतात? वरून दुसरा कप्पा, पान ९. तोवर ऐकून घे."

"माझं अंथरूण अजून ओलं होतं. मी आजारी आहे का? कोपऱ्यातलं निळं पुस्तक, पान ४०. दप्तरात टाकून ने, नोंद करू नकोस. मी बघणार नाही."

वाचताना तिचा आवाज ऐकू यायचा असं म्हणणार नाही. पण ती नुकतीच काहीतरी बोलून आतल्या खोलीत गेली आहे असं वाटायचं. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला वाटायचं, यात कुठेतरी एक कार्ड माझ्यासाठी असेल.

वाचलेली कार्डं मी माझ्या पद्धतीने लावायला घेतली. अक्षरावरून तिचा त्या दिवशीचा मूड मला कळायचा. खुशीत लिहिलेली पुढे, वैतागून लिहिलेली मागे. मध्ये तिने पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या होत्या, प्राणी, यंत्रं, शरीर, अवकाश अशा. त्यांची मला अडचण व्हायला लागली, म्हणून काढून टाकल्या.

गेल्या बुधवारी बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई.

"काका, मी शाळेतली नवी ग्रंथपाल. बाईंच्या जागेवर आलेय."

जागेवर हा शब्द मला टोचला, पण आत बोलावलं, चहा टाकला.

"बाईंच्या सामानात एक डबा आला होता का हो? बिस्किटांचा?"

"स्वयंपाकघरात दहा डबे आहेत. कसला डबा?"

"कार्डांचा."

"नाही बुवा."

चहा पिताना तिचं पेन खाली पडलं, ते घ्यायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"काका, टेबलाच्या पायाखाली 'शरीर' आहे."

मी बिस्किटं तिच्यापुढे सरकवली.

"आणि त्याच्याखाली 'अवकाश'."

"टेबल डुगडुगतं," मी म्हणालो.

ती हसायला लागली. मलाही हसू आवरेना. मग उठून आतून डबा आणला.

"शनिवारी प्रशिक्षण आहे," ती म्हणाली. "यंदा मला बोलायचंय. सगळ्यांनी फोन करून विचारलंय, डबा आणणार ना? पण ते एक वेळ राहू दे. मुलांना मी संगणकावर शोधून देते, तशी काही अडचण नाही. एक मुलगी आहे, सहावीतली. मी आल्यापासून रोज मधल्या सुट्टीत येते, रिकाम्या स्टुलाकडे बघते आणि जाते. काय हवंय गं विचारलं तर म्हणते, काही नाही."

"बाकीच्या मुलींना विचार."

"विचारलं असतं तर ती यायचीच बंद झाली असती."

हे ती अगदी माझ्या बायकोसारखं बोलली. मी वाचलेली कार्डं डोक्यात फिरवून पाहिली. निळ्या पुस्तकाचं असेल. बाबा घरात बोलत नाहीत तर तो माझा दोष का, असं एक होतं, ते असेल. किंवा मी अजून वाचलेलंच नसेल.

"घेऊन जा," मी म्हणालो.

तिने डब्यात बोटं घातली आणि थांबली. "हे कोणत्या क्रमाने लावलंय?"

"हिचा मूड चांगला होता ती पुढे."

तिने कपाळाला हात लावला. "अहो काका! मुलांना 'शरीर'च्या मागे शरीराचं मिळायला नको का?"

"मला काय माहीत."

"पट्ट्या काढा बरं टेबलाखालच्या. आत्ताच लावू."

मी टेबल उचललं, तिने पट्ट्या ओढून घेतल्या आणि पुसल्या. मी वाचलेली कार्डं तिने भराभर लावायला घेतली. मूठभर जाडीचा एक गठ्ठा बाजूला होता. तिने तिकडे हात नेला तसा मी गठ्ठ्यावर हात ठेवला.

"ही मी अजून वाचली नाहीत."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मग ही राहू देत तुमच्याकडे. एवढी नेते मी."

खरं सांगतो, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या मुलीचं कार्ड याच गठ्ठ्यात असलं तर ती पुन्हा येऊन तशीच जाणार. आणि ही नवी बाई ती कार्डं वाचून लावते आहे, बायकोने लिहिलेलं माझ्याआधी दुसरंच कोणी वाचतं आहे, हेही मला बघवलं नसतं.

"मीच लावतो," मी म्हणालो.

सुरुवातीला एकेक कार्ड सावकाश वाचलं. मग दिवस उतरायला लागला. बोल्ट निवडावे तशी हातातून कार्डं सुटायला लागली. प्राणी, अवकाश, शरीर, शरीर, यंत्रं. वर्षभर पुरवायचा ऐवज मी तीन तासांत संपवत होतो. गठ्ठ्याच्या तळाशी आलो तेव्हा एक आलं.

"लिफ्टची दोरी तुटली तर लिफ्ट खाली पडते का? आपल्याकडे पुस्तक नाही. घरी विचारून सांगते."

खाली जागा कोरी होती.

तिने विचारलं होतं. मला तो दिवस आठवला. दिवसभर एका दवाखान्याच्या लिफ्टने पिट्ट्या पाडला होता आणि ताट समोर होतं. "जेवताना कामाचं नको," मी म्हणालो होतो. तिने तो विषय परत काढला नाही.

नव्या बाईने कार्ड वाचलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिहा की."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"मुलांचं त्याहून वाईट असतं."

मी लिहिलं, "पडत नाही. दोरी एक नसते, चार-सहा असतात. सगळ्या तुटल्या तरी लिफ्टच्या खाली एक पकड असते, ती दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट धरते. मी तीस वर्षं तेच तपासत आलो. भिऊ नकोस." मग कार्ड 'यंत्रं'च्या मागे घातलं. ज्याने विचारलं होतं ते पोर एव्हाना शाळा सोडून गेलंही असेल.

त्यानंतर सात-आठ कार्डं राहिली होती. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं. शेवटचं दव कसं पडतं याचं होतं. मी ते नीट, दोनदा वाचलं आणि जागेवर लावलं.

नवी बाई डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली. बसताना म्हणाली, "काका, शाळेत या कधीतरी." मी बघू म्हणालो.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला.

"आज आली होती ती."

"मग?"

"डब्यापाशी दहा मिनिटं उभी होती. मग कप्प्याकडे गेली, एक पुस्तक घेतलं, दप्तरात टाकलं."

"कोणतं?"

"मी पाठ करून उभी होते."

"बरं केलंस. आणि शनिवारचं?"

"एकाने विचारलंच, मुलांची नावं कुठे आहेत म्हणून. मी म्हटलं, तुम्ही कधी लहान नव्हताच वाटतं. काय हशा पिकला! एक बाई उठून म्हणाल्या, हे वाक्य ऐकलेलं आहे."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "अगं, त्या मुलीला मिळालं गं." चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो. उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं. पण हे सांगायचं होतं ते तिलाच, दुसऱ्या कुणाला सांगून चाललं नसतं.