स्तामेनच्या हातची ट्रॉली

मी ट्रॉली बोलतेय. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, ब्रेकही नाही. पुढची गाडी नेईल तिकडे जायचं, एवढंच माझं काम. म्हणून मला बिचारी समजू नका. उतारावर पुढच्या गाडीने मला न विचारता काही केलं, तर मी तिलाच ढकलत नेते.

रोदोपी डोंगरातल्या एका अंगणात स्तामेनने मला बनवलं. भंगारातल्या गाडीचा एक्सल, जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या आणि त्याचं स्वतःचं वेल्डिंग. धाकटा भाऊ वेल्को पत्रा धरायचा आणि ठिणगी उडाली की सोडून पळायचा.

"धर रे गाढवा! ट्रॉली बनवतोय, तुला भाजत नाहीये!" स्तामेन ओरडायचा आणि मग स्वतःच खो खो हसायचा.

त्याच्या हाताखाली मी सुखात होते. जड सामान तो चाकांच्या थोडं पुढे ठेवायचा, दोरीने आवळायचा, मग मला हलवून बघायचा. मी हलले नाही तर पाठीवर थाप मारायचा. घोडीला मारतात तशी.

या शरद ऋतूत स्तामेनने आलुबुखार वेचले, पिंपांत आंबायला घातले आणि बागेतच, शिडीजवळ, छातीत कळ येऊन गेला. माझ्यावर अजून त्याचे हातमोजे पडलेले होते. ते कोणी उचलले नाहीत.

आंबवण तयार झालं. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला त्याच आलुबुखारांची राकिया, म्हणजे घरची गाळलेली दारू, वाढायची, दुसरी कुठलीही नाही, असं वेल्कोने ठरवलं. दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. आंबवण गाळायला दरीतल्या भट्टीवर न्यायचं होतं. दोन पिंपं होती, एक गच्च भरलेलं, एक अर्धं. त्याने दोन्ही माझ्या अगदी मागच्या टोकाला चढवली, कारण तिथून उतरवायला सोपी. मागे वजन पडलं तशी पुढे जोडलेली माझी दांडी वर झाली आणि तिने जुन्या लाडा मोटारीचा मागचा भागही उचलला. लाडाची मागची चाकं रस्त्याला जेमतेम टेकलेली. मी कुरकुरले, पण माझी कुरकुर ऐकणारा आता नव्हता.

शेजारच्या सीटवर स्तामेनची बायको रादा बसली. उतार लागला आणि वेल्कोने गिअर काढला.

"न्यूट्रल का केलीस?" रादाने विचारलं.

"पेट्रोल वाचतं, वहिनी. सगळं गाव असंच उतरतं."

"तुझा दादा नव्हता उतरत."

"दादा, दादा! सगळं दादालाच येत होतं. मग गेला कशाला?"

वेल्को आणखीनच जोरात निघाला.

गिअर असला की इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो. दोन वळणांतच जळका वास यायला लागला. तिसऱ्या वळणाला अर्ध्या पिंपातलं आंबवण एका बाजूला धावलं, मग दुसऱ्या. भरलेलं पिंप आपल्या जागी राहतं, अर्धं पिंप आतून धक्के देतं. मी डुलायला लागले. मला डुलायचं नव्हतं हो. पण मागचं ओझं एकदा हलायला लागलं की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो.

घाबरून वेल्कोने ब्रेक दाबला. लाडा मंदावली, मी नाही मंदावले. मी तिला बाजूने रेटलं, सरळ दरीकडे.

"ब्रेक सोड! गिअर टाक! स्टिअरिंग सरळ धर!" रादा किंचाळली.

त्याने सोडला. इंजिन कण्हलं. त्याच झटक्याला माझी मागची फळी तुटली आणि अर्धं पिंप रस्त्यावर फुटलं. मागचा भार कमी झाला तशी मी सरळ झाले. रस्त्याच्या कडेच्या खडीत आम्ही थांबलो.

वेल्को उतरला. रस्त्यावर जांभळा ओघळ वाहत होता. तो तिथेच बसला आणि हात बुडवून ओंजळीत भरायला लागला. खडी, माती, साली, हाताला येईल ते.

"दादाचं होतं. मी दादाचं सांडलं," तो म्हणत होता. दफनाच्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

रादा त्याच्याजवळ बसली. आमच्याकडे राकिया पिण्याआधी, गेलेल्या माणसाच्या नावाने, थोडी जमिनीवर ओततात.

"त्याचा वाटा त्याने घेतला," ती म्हणाली. "थोडीवर भागलं नाही त्याचं. हावरटच होता मेला." आणि हसता हसता तीही रडली.

मग दोघांनी उरलेलं पिंप सरकवत सरकवत पुढे आणलं, दोरीने आवळलं. दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीसारखे, आम्ही भट्टीवर पोचलो.

वेल्कोचे डोळे पाहून भट्टीवाला मेतोदीकाका म्हणाला, "पुरे आता. किती रडशील? आंबवण पातळ होईल ना!"

आज मी अंगणात उभी आहे. दांडी वाकलीय, फळी नवी आहे. वेल्को संध्याकाळी येतो, काही करत नाही, माझ्या कडेवर बसून राहतो. मला त्याचं वजन आवडतं.

मेतोदीकाकांना आणि सगळ्या गावाला माझं एकच सांगणं आहे. ज्याच्या मागे ओझं आहे, त्याला थांबायला जास्त रस्ता लागतो. एकदम ब्रेक दाबायला सांगाल तर तो उलटेल. माझ्या वेल्कोला रस्ता द्या.