कचेरीचं मागचं दार

तन्वीरचा निकाह झाला आणि खडकीची अफशीन सून होऊन घरात आली, ते साल २०२२. त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, तिचं होऊ घातलेलं काम तिच्या सासऱ्यांनी जवळजवळ घालवलंच होतं.

सासरे म्हणजे शमशुद्दीनभाई. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुनी दगडी सरकारी कचेरी आहे. तिथे त्यांनी चौतीस वर्षं शिपाई म्हणून काढली. अफशीन इतिहास शिकलेली. पेठांमधली जुनी ठिकाणं लोकांना पायी हिंडून दाखवणारी एक संस्था होती, तिथे तिला गाइड व्हायचं होतं. संस्थेच्या कल्याणीताईंनी सांगितलं होतं, "एक रविवार तू चालवून दाखव. मी बरोबर येईन, मग ठरवू."

लाल महाल, कसबा गणपती, शनिवारवाडा हे सगळेच गाइड दाखवत. अफशीनने त्यात कचेरी घातली. सुट्टीच्या दिवशी ती बंद, मग तिथला रुंद दगडी जिना आणि सागवानी छत लोकांना कधी बघायला मिळणार? तिने अर्ज केला, चार खेपा घातल्या आणि परवानगी मिळवली. नऊ ते साडेनऊ, फक्त पुढचं दालन.

"अब्बा, आपणही चला ना. आपलीच कचेरी आहे."

"मी काय सांगणार बेटा? मी पाणी देत होतो, फायली नेत होतो."

"घरात चौतीस वर्षं त्याच गोष्टी ऐकवल्यात," सासूबाई नसीमबी आतून म्हणाल्या, "आता बाहेर बोलायची वेळ आली तर तोंड शिवलं काय?"

शेवटी शमशुद्दीनभाई इस्त्रीचा सदरा घालून निघाले.

सकाळ छान गार होती. दहा-बारा माणसं आली होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी अफशीन बोलली तेव्हा माना वर करून सगळे दारावरचे खिळे बघत राहिले. कल्याणीताईंनी वहीत काहीतरी टिपलं. चांगलंच असावं, कारण त्या हसल्या. पण तिथून निघताना सरोजिनीबाई एका कट्ट्यावर बसल्या. त्या शनिवार पेठेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय पंच्याहत्तर.

"गुडघे माझे आहेत, तुमचं वेळापत्रक त्यांनी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या.

अफशीन त्यांच्यापाशी थांबली. "अब्बा, आपण सगळ्यांना घेऊन पुढे व्हा. मी आजींना घेऊन आलेच."

शमशुद्दीनभाई पुढे झाले. रस्ता डोळे मिटूनही सापडला असता. डावीकडची गल्ली, मग भिंतीला धरून, मग सायकल स्टँड. चौतीस वर्षं ते याच वाटेने कामावर आले होते. शिपायांनी मागून यायचं, पुढचा जिना साहेबांचा आणि लोकांचा, असा तिथला रिवाज. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता कुणी. मागच्या लोखंडी दाराला कुलूप होतं.

"उघडतील आता," शमशुद्दीनभाई म्हणाले.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. कल्याणीताईंनी घड्याळ बघितलं, मग कुलूप बघितलं. एकाने विचारलं, "काका, हे दार कशाचं?"

"हे रेकॉर्डचं दार," शमशुद्दीनभाई म्हणाले आणि मग त्यांना बोलावंच लागलं. "खाली तळघर आहे. तिथे पेठांतल्या घरांचे जुने नकाशे ठेवलेत. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, त्याला आम्ही रुमाल म्हणतो. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गटार उलटं आलं आणि तळघरात गुडघाभर पाणी. आम्ही सात शिपाई. एकेक रुमाल छातीशी धरून या दारातून वर आणला. ओल्या कापडाचा रंग सुटलेला. घरी गेलो तर बायको म्हणते, कुणाच्या हळदीला जाऊन मेंदी लावून आलात?"

माणसं हसली आणि जवळ सरकली.

"मग इथे, या स्टँडमध्ये, सुतळ्या बांधल्या. घरोघरचे कपड्यांचे चिमटे आणले आणि नकाशे वाळत घातले. अर्धवट सुकले की वर जुना पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. गरम झाली तर शाई पसरते. नऊ दिवस. एक कागद गेला नाही."

तेवढ्यात फोन वाजला. "अब्बा, कुठे आहात? मी गेटवर उभी आहे, वॉचमन कचरूभाऊ कुलूप काढून बसलेत."

"मागच्या दारात आहे बेटा."

"आपण पाहुण्यांना सायकल स्टँडमध्ये नेलंत?"

शमशुद्दीनभाईंनी फोन खिशात टाकला. पुढच्या बाजूला जायला पूर्ण वळसा होता. "चला, चला लवकर," ते म्हणाले, पण एका तरुणाने चिमटे नक्की कुठे लावले होते ते विचारलं आणि कल्याणीताई म्हणाल्या, "थांबा काका, गोष्ट पुरी करा." सगळे पुढे पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. कचरूने कुलूप लावलं होतं. नियम तो नियम.

अफशीनचे डोळे भरून आले. शमशुद्दीनभाई मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे ताई. पोरीचं काम काढून घेऊ नका. मी पुढून कधी आलोच नाही हो."

"म्हणजे मी उन्हात अर्धा तास वॉचमनकडे बघितलं," सरोजिनीबाई म्हणाल्या, "आणि गोष्ट मागे चालली होती. छान. मला कोण सांगणार आता?"

कल्याणीताईंनी वही मिटली. "अफशीन, आज लोकांना आत नेता आलं नाही. ही चूकच, आणि ती तुझी. माणसं सोडायची नसतात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत कर. आधी मागचं दार, मग पुढचं. काकांना आण."

पुढच्या रविवारी सरोजिनीबाई पुन्हा आल्या. अफशीनला काम मिळालं. शमशुद्दीनभाई त्या दिवशी पहिल्यांदा पुढचा जिना चढले. वर पोचल्यावर म्हणाले, "पायऱ्या सोप्या आहेत की." पुढे दोन वर्षं त्यांनी जवळजवळ प्रत्येक रविवारी मागच्या दारापाशी ती नऊ दिवसांची हकीगत सांगितली.

शमशुद्दीनभाई रविवार, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी घरी वारले. वय सत्तर.