दोन मैलांची रेघ

“जिथं माझा पाय पोचला नाही, तिथं रेघ अखंड ओढायची नाही, फ्लोरा. तिथं तुटक काढायची.”

रॅनल्डनं, माझ्या थोरल्या भावानं, मला पहिल्यांदा नकाशाला बसवलं तेव्हा सांगितलेलं हे. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. माझं अक्षर चांगलं, हात स्थिर, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. तो पेन्सिलीनं नकाशा काढायचा, मी त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईनं पक्का करायची. बावीस वर्षं आम्ही असं केलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जेवणाची भांडी आवरल्यावर.

खडक कुठं वाकले, कुठं मोडले, कोणत्या अंगाला कलले, हे शोधायचं त्याचं काम. केप ब्रेटन बेटावरच्या आमच्या डोंगरांवर स्प्रूसची झाडी आणि शेवाळ इतकं, की खडक दिसतो तो फक्त ओढ्यांच्या पात्रात. त्यामुळं रॅनल्डचे सगळे उन्हाळे गुडघाभर पाण्यात गेले, हातात हातोडी, गळ्यात होकायंत्र, मानेवर काळ्या माश्यांचे चावे. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखालच्या गावांत, रॅनल्ड मॅकेकर्न नावाची पाच माणसं होती, म्हणून त्याला सगळे रॅनल्ड दगड म्हणत. शेजारचा ह्यूई त्याला विचारायचा, “काय रे दगडा, आज किती कोटी वर्षं चाललास?” आणि वर म्हणायचा, “तुझं बरंय बाबा. दहा-वीस लाख वर्षं इकडची तिकडं झाली तरी कोणी विचारत नाही. माझी गाय दूध काढायला तासभर उशीर झाला की लाथ मारते.” रॅनल्ड हसायचा. पण त्याच्या कामात इकडचं तिकडं काही नसायचं.

खडक तुटून एक बाजू दुसरीवरून सरकते, त्या जागेला भ्रंश म्हणतात; नकाशावर तो रेघेनं दाखवतात. असा एक अकरा मैल लांबीचा भ्रंश रॅनल्डनं शोधून काढला. सात उन्हाळे लागले. सत्त्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात शेवटचे दोन मैल तेवढे राहिले होते, मॅकीनच्या ओढ्याच्या वरचे. तेव्हाच आई अंथरुणाला खिळली. मी ह्यूईला डोंगरावर निरोप घेऊन पाठवलं. रॅनल्ड ओल्या बुटांनिशीच घरी आला. चौथ्या दिवशी आई गेली, त्याचा हात हातात धरून. मग बर्फ पडलं आणि डोंगर बंद झाला. नोव्हेंबरात मी नकाशा शाईनं पुरा केला, कारण सरकारी खात्याला तो नाताळाआधी हवा होता.

तो छापून आला आणि रॅनल्डचं नाव झालं. दूरदूरच्या विद्यापीठांतून माणसं त्याच्याकडं शिकायला आली. त्यानं लग्न केलं नाही, पैसा जोडला नाही. त्याच्याबद्दल एवढंच बोललं जायचं, की रॅनल्डची अखंड रेघ म्हणजे तिच्यावर घर बांधावं.

या फेब्रुवारीत त्याची फुप्फुसं थकली. मी उशाशी जपमाळ ओढत बसलेली असायची. एका दुपारी त्यानं माझा हात धरून मला थांबवलं.

“मॅकीनच्या ओढ्यावरचे दोन मैल मी चाललोच नाही, फ्लोरा.”

मला ठाऊक होतं. मीच तर त्याला खाली बोलावलं होतं.

“नकाशावर तिथं अखंड रेघ आहे. ती चूक माझी. ॲनी नवा नकाशा करतेय, तिला सांग. सांगशील ना?”

मी सांगेन म्हटलं.

“एवढंच सांग. बाकी काही सांगायला जाऊ नकोस.”

बाकी काय, ते मला कळलं नाही. तीन दिवसांनी तो गेला.

ॲनी दव्हो ही त्याची शेवटची विद्यार्थिनी, किनाऱ्यावरच्या फ्रेंच गावातली. एप्रिलमध्ये ती त्याचे कागद न्यायला आली. मी चहा केला, ओटच्या वड्या ठेवल्या. ती वह्या चाळता चाळता रडत होती आणि खातही होती. नवा नकाशा पुढच्या सोमवारी दुपारी छापखान्यात जाणार आहे, म्हणाली.

“बाकीच्यांची रेघ असली की मी जाऊन बघते, फ्लोराबाई. सरांची असली की नुसती गिरवते. त्या माणसानं न बघता टिंबसुद्धा दिलं नसतं.”

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. आत्ताच सांगायला हवं होतं. पण त्या माणसाचं या जगात नावाखेरीज दुसरं काही मागं उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते मी माझ्याच तोंडानं पुसायचं होतं. मी तिला वड्या बांधून दिल्या आणि दार लावलं.

त्या आठवड्यात माझी प्रार्थना तोंडातल्या तोंडात राहिली. शनिवारी मी त्याची खोली झाडायला घेतली. कपाटामागं पत्र्याची एक नळी होती, ॲनीच्या नजरेतून सुटलेली. आत त्या नकाशाचा पेन्सिलीचा मूळ कागद होता. मी तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर बशा ठेवल्या आणि बोटानं भ्रंश धरून वर गेले. मॅकीनच्या ओढ्याशी बोट थांबलं.

पुढं रेघ तुटक होती. बारीक, नीट अंतरावरचे तुकडे, दोन मैलभर. शेजारी त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहिलेलं नाही.’

अखंड मी ओढली होती. आईला पुरून तीनच आठवडे झाले होते, डोळे सारखे भरून यायचे, आणि हात आपला चालत राहिला होता.

छापील प्रत घरी आली तो दिवस मला आठवला. रॅनल्ड ती घेऊन खिडकीशी बराच वेळ उभा होता. मग वळून म्हणाला, “सुंदर काढलंयस, फ्लोरा.” त्यानंतर तीनदा तो मॅकीनच्या ओढ्यावर गेला होता. एकदा धुक्यानं परतला, एकदा पाणी चढलं, तिसऱ्यांदा गुडघ्यानं अर्ध्या वाटेत दगा दिला. इतक्या जुन्या जागी पुन्हा कशाला जातोस, असं मी त्याला रागावलेही होते. माझी रेघ खरी करायला तो जात होता. एका शब्दानं मला सांगितलं असतं तर खात्याला एक पत्र लिहून काम झालं असतं. पण त्या पत्रात चूक कोणाची ते लिहावं लागलं असतं. अडतीस वर्षं त्यानं ते लिहिलं नाही.

बाकी काही सांगू नकोस म्हणाला होता. तेवढं मात्र माझ्याच्यानं पाळवणार नव्हतं. देवानं आणि रॅनल्डनं मला क्षमा करावी.

सोमवारी पहाटे मी फादरना कळवलं की आज चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला येणार नाही. मग ॲनीला फोन केला. ती झोपेतच होती. मी येतेय म्हटलं, छापखान्यात जाऊ नकोस, मी येईपर्यंत थांब. काय झालं, तिनं विचारलं. आल्यावर सांगते म्हटलं.

बाहेर रस्त्यावर अजून बर्फाचा चिखल होता. मी कागद गुंडाळून कोटाखाली धरला, ह्यूईच्या कुत्र्याला बाजूला केलं आणि गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली.