उणे सव्वीस किलोची गाठ

आर्वीच्या बाहेर लक्ष्मणरावांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी. रुईच्या गाठी बांधणारा तिथला प्रेस अजून डॉसवरच्या जुन्या संगणकावर चालायचा. प्रेसखालच्या वजनकाट्याशी बोलणारं कार्ड त्याच संगणकाच्या पोटात होतं आणि नव्या मशीनमध्ये ते बसतच नव्हतं. यंदा लक्ष्मणरावांनी अल्लीपूरला दुसरी जिनिंग घेतली. तिथे एक संगणक विंडोजचा, एक लिनक्सचा. सगळीकडे वजन एकाच पद्धतीनं दिसावं, म्हणून त्यांनी मंजुषाला बोलावलं. पुण्यात बरीच वर्षं सी भाषेत काम करून ती गावी परतली होती आणि घरूनच कामं घेत होती.

पहिल्याच दिवशी आर्वीच्या जिनिंगमध्ये भूपेंद्र भेटला. वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला तिचा वर्गमित्र, आता नागपुरात मशिनरी विकायचा आणि इथं नवा प्रेस खपवायला आला होता.

"काका, हे डबडं भंगारात द्या न," तो म्हणाला.

"अन् नवा प्रेस येईस्तोवर कापूस काय घरी नेऊन ठेवू?" लक्ष्मणराव उखडले. "मंजू, तू सांग. होते का काही?"

"होते काका. प्रोग्राम एकच लिहिते, तिन्ही मशीनवर चालंन."

भूपेंद्र हसला. मंजुषानं लॅपटॉप उघडला.

कार्डाशी, पडद्याशी बोलणारा भाग प्रत्येक मशीनचा वेगळा, तो तिनं आपापल्या फायलीत कोंडला. बाकी सगळा कोड सामाईक. कोड डॉसच्या मशीनला समजेल असा करून देणाऱ्या जुन्या कंपायलरची नाटकं मात्र भरपूर. फाईलचं नाव आठ अक्षरांपुढे गेलं की तो ओळख दाखवेना. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी टीप त्याला चूक वाटे. मंजुषा कुरकुरली नाही. त्याला समजेल तेवढंच सी वापरायचं, म्हणजे नव्यांनाही ते समजतंच, हा तिचा हिशेब पक्का होता. वीस किलोचं वजन काट्यावर ठेवून तिनं पाहिलं. आकडा बरोबर आला.

चाचणीच्या दिवशी प्रेस सुरू झाला. पहिली गाठ धप्पकन काट्यावर आली. पडद्यावर आकडा उमटला: उणे सव्वीस किलो.

प्रेसवरचा कुंदन डोळे चोळून पाहू लागला. "ताई, हे गाठ उडून राह्यली का?"

लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. भूपेंद्र तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "मी म्हटलं होतं."

मंजुषानं अल्लीपूरसाठीचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला आणि काट्याकडून आलेली तीच माहिती त्याला दिली. तिथे एकशे सत्तर किलो, चोख. म्हणजे काटा खरा, कार्डही खरं. ती पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम तिच्या ओठांवर हसू आलं.

"कुंदनभाऊ, प्रेस थांबवा. सापडलं मले."

"काय सापडलं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"मी वजन ग्रॅममधी धरलं काका. नव्या मशीनवर साध्या पूर्णांकात दोन अब्जांपर्यंतचा आकडा मावते. या जुन्याच्या पूर्णांकात बत्तीस हजारांच्या थोडं वर गेलं की भांडं भरते अन् आकडा उलटून उणे होते. वीस किलो मावले, गाठ मावली नाई. चूक माझी हाय, मशीनची नाई."

तिनं वजनासाठी मोठा पूर्णांक घेतला, सगळ्या मशीनवर निदान तेवढा मावेलच असा. त्याचं नाव एकाच फाईलमध्ये ठरवून टाकलं. आकडा पडद्यावर दाखवणाऱ्या कोडच्या ओळीही बदलल्या, नाहीतर पोटात बरोबर आणि पडद्यावर चूक असं झालं असतं. मग तिन्हींसाठी पुन्हा बांधणी केली.

"चालू करा."

तीच गाठ पुन्हा काट्यावर चढली. जुन्या पडद्यावर एकशे सत्तर, लॅपटॉपवर एकशे सत्तर. दुसरी गाठ, तिसरी. आकडे जुळतच राहिले. कुंदननं प्रेसचा वेग वाढवला आणि लक्ष्मणराव फाटकाशी थांबलेल्या कापसाच्या गाड्या आत घ्यायला निघाले.

भूपेंद्रनं दोन्ही पडद्यांवरचे आकडे ताडून पाहिले. मग म्हणाला, "हिंगणघाटात माझ्या एका गिऱ्हाईकाच्या प्रेसवर असाच जुना संगणक हाय. मी त्याले नवा घ्यायले लावून राह्यलो होतो."

"मग?"

"मग आता तूच येजो न पाहायले."

"येते," मंजुषा म्हणाली. "पण त्याले सांगजो, पहिल्या दिवशीच खरी गाठ काट्यावर चढवीन."