मुखपृष्ठावरची नंदा

राजपालने नंदाच्या कानामागची बट हळूच सोडवून घेतली आणि फोटोतली मागची निळी भिंत पुसून टाकली. केसांची कड काढणं हे सगळ्यांत किचकट काम. माउसवरचं बोट जरा हललं की माणसाने टोप घातल्यासारखं दिसतं. त्याच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नंदाचे आईवडील बसले होते. मालनबाई पुढे झुकून स्क्रीनकडे बघत होत्या. ज्ञानोबांची नजर दाराबाहेर, एसटी स्टँडकडे होती.

वाशी या तालुक्याच्या गावातलं त्याचं दुकान तसं फ्लेक्सचं. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या. पण अलीकडे तालुक्यात कवींचं पीक जोरात आलं होतं, आणि पदरमोड करून पुस्तक काढणारा प्रत्येक जण मुखपृष्ठासाठी शेवटी इथंच यायचा. कुणाला उगवता सूर्य हवा, कुणाला दौत आणि मोरपीस. मागच्या पानावर स्वतःचा गॉगल लावलेला फोटो तर सगळ्यांनाच हवा. राजपाल सगळ्यांना सगळं देत असे. दुसऱ्याच्या हौसेत आपण कशाला मोडता घालायचा?

हे पुस्तक मात्र हौसेचं नव्हतं. नंदा कॉलेजात असताना कविता करायची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ती सासरच्या विहिरीत सापडली. केस उभी राहिली आणि पुरावा नाही म्हणून नवरा, सासू दोघंही सुटले. त्यानंतर ज्ञानोबांनी कुणाकडे दाद मागणं सोडूनच दिलं. यंदाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला, तिच्या कवितांचं पुस्तक काढायचं आणि येईल त्याच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. मुखपृष्ठाबद्दल त्यांची एकच अट होती.

"फुलं नगं, पाखरं नगं. नुसती ती पायजे. लोकांनी पुस्तक हातात घेतलं की आमची नंदा दिसाया पायजे."

कड निघाली. राजपालचा हात सवयीने स्क्रीनवरच्या, उजेड कमीजास्त करायच्या पट्टीवर गेला आणि त्याने चेहरा उजळवला. गाल साफ केले, डोळ्यांखालची सावली काढली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सरपंच असो की वारलेली म्हातारी, फ्लेक्सवर चढणारा प्रत्येक चेहरा या पट्टीखालून जायचाच. एकदा तो विसरला होता, तर गिऱ्हाईक फ्लेक्स परत घेऊन भांडायला आलं होतं.

"बघा मावशी, झालं."

मालनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बया! कशी दिसतीय माझी बाय. आवो, बघा की इकडं."

ज्ञानोबांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं.

"ही कोन?"

"काका, जरा उजेड वाढवलाय फक्त," राजपाल म्हणाला. "छपाईत फोटो काळवंडतो, म्हणून."

"काढ त्यो."

राजपालने केलेलं सगळं मागे घेतलं. त्यांनी पेनड्राइव्हमधून आणलेला मूळ फोटो स्क्रीनवर आला. गुलाबी साडी, निळी भिंत, हनुवटी किंचित वर.

"ही बी न्हाय," ज्ञानोबा म्हणाले.

"काका, हा तर तुमचाच फोटो आहे."

"लग्न जमवायला काढलेला हाय त्यो. तिच्या आईनंच फोटोवाल्याला सांगितलं व्हतं, पोरीला गोरी कर म्हणून."

"मंग काय करू?" मालनबाई एकदम उसळल्या. "एक सोडून दोन जागा मोडल्या व्हत्या रंगापायी. समदेच करत्यात तसं. म्या काय जगायेगळं केलं?"

ज्ञानोबा राजपालशीच बोलले, आवाज न चढवता.

"लॉकडाऊन व्हतं. बघाया कोन येतंय? फोटो मोबाइलवर धाडला, पसंतीबी मोबाइलवरच आली. तिला त्यांनी बघितली ती मांडवात, तोंडावरचा मास्क काढल्यावर. तवापासनं फसवलं, फसवलं, हेच. जेवताना बी तेच, झोपताना बी तेच." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "फोटोतली पोरगी त्यांनी पसंत केली. नांदाया आमची गेली."

राजपालने माउसवरचा हात काढून घेतला. इतकी वर्षं आपण लोकांचे चेहरे उजळवतोय आणि त्याला सफाई म्हणतोय. या पोरीला तर आत्ता, मेल्यावरही, आपण नापसंतच केलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दुसरा फोटो द्या ना मला. कुठलाही. मी त्याचं करतो."

मालनबाईंनी मोबाइल पुढे केला. त्याने एकेक फोटो सरकवून बघितला. मैत्रिणींबरोबरची नंदा, शेळीचं करडू घेतलेली नंदा, मेंदी दाखवणारी नंदा. सगळीकडे तोच दुधाळ, गुळगुळीत चेहरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातच तशी सोय होती आणि नंदाने ती कधी बंद केलीच नव्हती. शाळेतल्या गटाच्या फोटोत ती शेवटच्या रांगेत, तोंड अर्धं झाकलेली. आधार कार्डावर तर नुसता काळा डाग.

"ह्यात एक बी न्हाय?" ज्ञानोबांनी विचारलं.

"नाही, काका."

"एक हाय."

"कुठं?"

"पोलिस ठाण्यात. विहिरीतनं काढल्यावर पोलिसांनी काढलेला. त्याला कुनी हात लावला न्हाय."

मालनबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. ज्ञानोबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि राजपालला कुणाकडे बघावं ते कळेना. त्याने उगाच मुखपृष्ठावरची अक्षरं इकडची तिकडे केली. 'नंदा ज्ञानोबा कांबळे.' सासरचं नाव त्यात नव्हतं.

पोलिसांकडचा फोटो मुखपृष्ठावर जाणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग पुस्तक लोकांच्या हातात जाईल, आणि त्यांना दिसेल ती सासरच्यांनी पसंत केलेली मुलगी.

मालनबाई उठल्या. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि आपला हात स्क्रीनला चिकटवून धरला, नंदाच्या गालाशेजारी. उन्हातान्हात राबलेला, काळाभोर हात.

"माज्यावानी व्हती," त्या म्हणाल्या. "नाकडोळे तिच्या बापाचे. रंग समदा माजा."

राजपालने त्या हाताकडे बघितलं आणि पट्टी उलट्या बाजूला ओढायला सुरुवात केली. आजवर त्या बाजूला त्याने ती कधी नेलीच नव्हती. गालावरचा दुधाळपणा ओसरला. कपाळ सावळं झालं. सावळ्याच्या जरा पुढे गेल्यावर त्याचा हात आपसूक थबकला.

"एवढं बास, मावशी?"

ज्ञानोबा खुर्चीवरून उठून मागे येऊन उभे राहिले होते. मालनबाईंनी हात काढला नाही.

"आजून," त्या म्हणाल्या. "आजून कर, लेकरा. भिऊ नगंस."