मास्तरांचा हुंकार

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढं या, पुढच्यांनी जरा मांडी आवरा. देवाच्या दयेनं आज एका शिंपीमास्तरांची गोष्ट सांगणार आहे. तुमच्याकडून एकच हवं, मधूनमधून ‘हं’ म्हणा. का, ते पुढं कळेलच.

तर या मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले, मग दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि सहा महिन्यांसाठी परदेशी लेकीकडे गेले. लेक आणि जावई सकाळी आठला घराबाहेर. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी घरातले सगळे पडदे दुमडून शिवले. दुसऱ्या आठवड्यात जावयाच्या धडधाकट पँटी दोन-दोन बोटं आखूड केल्या. तिसऱ्या आठवड्यात लेकीनं हात जोडले.

“बाबा, आता सोफ्याकडे बघू नका! रस्त्याच्या टोकाला एक नाटकमंडळी आहे, हौशी लोकांची. त्यांना कपडे शिवणारं माणूस हवंय. पैसे मिळायचे नाहीत.”

“पैसे कुणाला हवेत? हात शिवशिवतायत माझे.”

“आणि भाषा?”

“बाजारहाटापुरती येते की. मापं घ्यायला कशाला लागते भाषा?”

मंडळीचा मुक्काम एका जुन्या गोदामात होता. खाली फळ्यांचं स्टेज आणि घडीच्या खुर्च्या, वर कपड्यांची खोली. खिडकीपाशी एक शिवणयंत्र पट्टा ढिला होऊन पडलं होतं. मास्तरांनी आधी त्याच्या पाया पडून घेतलं, मग पट्टा आवळला.

मंडळीच्या म्होरक्या होत्या दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायच्या आणि संध्याकाळी ‘मोठ्यानं बोला’. नाटक त्यांनीच लिहिलेलं. नदीवर पूल होतो, आणि म्हातारा नावाडी शेवटच्या दिवशी काठावर उभा राहून एकटाच बोलतो. नावाडी झाले होते एक निवृत्त पोस्टमन.

पहिल्या तालमीला मास्तर पडद्याआड उभे होते. नावाड्यानं तोंड उघडलं, एक वाक्य झालं आणि मास्तरांच्या तोंडून सवयीनं खणखणीत ‘हं!’ निघालं. सवय कसली, तर कीर्तनाची. गावी बुवा म्हणायचे, कीर्तन अर्धं माझं आणि अर्धं समोर ‘हं’ म्हणणाऱ्याचं. मास्तरांनी ते जन्मभर पाळलं होतं.

“कोण आहे ते?” डॉक्टरबाई कडाडल्या. “पडद्यामागे तोंड उघडायचं नाही!”

मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि रोज एकच रडगाणं सुरू झालं. पोस्टमन दोन वाक्यं बोलायचे आणि तिसऱ्याला घोडं पेंड खायचं. समोरच्या अंधाराकडे बघत राहायचे नुसते. वय झालं, असं सगळे हळूच म्हणायला लागले. शेवटी बाईच वर आल्या.

“मास्तर, नावाड्याच्या कोटात आत भरपूर माया ठेवा, शिवणीला जादा कापड. गुरुवारच्या तालमीत हे पुन्हा अडले, तर आपल्या मंडळीतल्या त्या बँकवाल्याला उभं करणार. त्याचं सगळं पाठ आहे.”

बँकवाला अंगानं भरलेला. कोट उसवून मोठा करावा लागणार होता. बाई वळल्या तर दारात पोस्टमन उभे! बाईंची मान खाली गेली, आणि त्या जिना उतरल्या.

पोस्टमन कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. मास्तरांनी पाच-सहा टाचण्या ओठांत धरल्या आणि खांद्याची शिवण जुळवायला लागले.

“पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं दारोदार पोचवलं मी,” पोस्टमन म्हणाले. “एकदा माझ्या तोंडून काहीतरी पोचावं, एवढंच होतं मनात.”

टाचण्या तोंडात असलेला माणूस काय बोलणार? मास्तर म्हणाले, “हं.”

“काठ रिकामा दिसतो, पण...” पोस्टमन आपसूकच नावाड्याचं बोलायला लागले.

“हं.”

तिसरं वाक्य गेलं, दहावं गेलं. मास्तर बाहीकडून पाठीकडे, पाठीकडून घेराकडे सरकत राहिले आणि ‘हं’ म्हणत राहिले. अख्खं भाषण झालं, कुठं खुट्ट नाही! आरशात दोघांची नजरानजर झाली. मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि जमेल तशा भाषेत सांगितलं.

“पोस्टमनदादा, तुमच्या डोक्यात बिघाड नाही. जन्मभर तुम्ही दार उघडणाऱ्या माणसाशी बोललात. अंधाराशी बोलायची सवयच नाही तुम्हाला.”

गुरुवारी मास्तर बाईंपुढे जाऊन उभे राहिले. मोडक्यातोडक्या शब्दांत आणि भरपूर हातवारे करून म्हणाले, “नावेचं शीड फाटलंय. शेवटचा उतारू म्हणून मी खोक्यावर बसून शिवतो.”

“तुम्ही? स्टेजवर? आणि मध्येच बोललात तर?”

“तोंडात टाचण्या असतील, बाई. बोलणार काय, कपाळ?”

बाईंना हसू आलं. “बसा. एकदाच बघते.”

मास्तर बसले. नावाडी बोलला. तिसऱ्या वाक्याशी थबकला, तसं खोक्यावरून हलकेच ‘हं’ आलं आणि नाव पुढं सरकली ती थेट पैलतीराला! बाईंनी डोळे पुसले आणि त्या मास्तरांवर ओरडल्या, “मोठ्यानं का बोलत नाही तुम्ही?”

चारांपैकी तीन प्रयोग झकास झाले. पण मास्तरांचं परतीचं विमान चौथ्याच्या आदल्या दिवशी. पोस्टमनांची पुन्हा पाचावर धारण बसली. तेव्हा बँकवाला कपड्यांच्या खोलीत आला आणि म्हणाला, “मास्तर, मी बसतो खोक्यावर. शिकवा.”

पहिलं ‘हं’ असं म्हणाला, की जणू दाढ दुखतेय. “अहो, बाईंना बोलवावं लागेल उपटायला!” मास्तर म्हणाले. “घाई नको. पोस्टमनदादांचा श्वास खाली बसू द्या, मग म्हणा. आणि पुढं काय येणार ते माहीत नसल्यासारखं म्हणा.”

“तेच अवघड आहे,” बँकवाला म्हणाला. “मला सगळं पाठ आहे ना.”

चौथा प्रयोग चालू होता तेव्हा मास्तर गावी कीर्तनाला बसले होते. बुवा श्वास घ्यायला थांबले आणि मास्तर म्हणाले, “हं!” बुवा खूश. त्यातलं अर्धं दुसरीकडे गेलं, हे त्यांना कुठं ठाऊक!

थोड्या वेळानं प्रयोगाला गेलेल्या लेकीचा निरोप आला. एकच शब्द होता. ‘पोचलं.’

टाळ्या पोस्टमनांना मिळाल्या, आणि मिळायलाच हव्यात. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा तुम्ही त्या बँकवाल्याची आठवण ठेवा. अख्खं भाषण त्याला तोंडपाठ होतं, आणि तो खोक्यावर बसून फक्त ‘हं’ म्हणाला.