ला सिया म्हणजे खुर्ची

ज्या वर्षी मुलाची, अंबरीशची, लेक शमिका मेक्सिकोत बालवाडीत जाऊ लागली, त्या वर्षी शशिकलाबाईंनी घरभर पुन्हा चिठ्ठ्या डकवल्या. पहिल्या चिठ्ठ्या नरहररावांच्या हातच्या होत्या. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये डब्यांवर साखर, पोहे, हिंग असं लिहून त्यांनी चाळिशीतल्या बायकोला अक्षरं शिकवली होती. आता बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये बाई नातीची स्पॅनिश शिकत होत्या. शमिकाला मराठी येत नव्हती, आणि आजीला तिच्याशी मुलाला मध्ये न घेता बोलायचं होतं.

"हे काय चिकटवलंस माझ्या पाठीमागे?" वेताच्या खुर्चीतून नरहरराव म्हणाले.

"ला सिया. म्हणजे खुर्ची. त्यांच्यातही खुर्ची 'ती'च."

"सिया? मग राम कुठाय?"

"बसलाय की! चहा दे, चहा दे म्हणून केव्हाचा ओरडतोय."

ते हसले आणि लगेच खोकू लागले. त्यांचं हृदय थकलं होतं. आडवं झालं की धाप लागे, म्हणून झोपही खुर्चीतच.

"चलो मॅडम, सबक सुनाओ. नुसता शब्द नको. वाक्यात वापर." अक्षरं शिकवतानाही त्यांची हीच अट असे.

बाईंनी वहीतलं वाचलं, "एस्ता सिया एस देल आबुएलो. ही खुर्ची आजोबांची आहे."

रोज सकाळी सातला, तिकडे संध्याकाळ असताना, शमिका फोनवर दिसे. बाई वाक्य म्हणत, नरहरराव खुर्चीच्या हातावर थाप मारत, आणि पोर टाळ्या पिटे.

पुढे अंबरीश एकटाच आला आणि तेरावं करून परत गेला. निघताना म्हणाला, "आई, शमूला अजून सांगितलं नाहीये. लहान आहे गं. तूही काही बोलू नकोस."

रविवारी सातला फोन वाजला. खुर्ची दिसू नये म्हणून बाई मुद्दाम स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"आबुएलो?" शमिकाने विचारलं. मग पुन्हा विचारलं.

बाई बाहेर आल्या. त्यांनी फोन खुर्चीकडे वळवला. वेताची बैठक मधोमध खोल गेली होती.

"एस्ता सिया एस देल आबुएलो," त्या म्हणाल्या. थाप पडली नाही.

शमिकाने खुर्चीकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बासीआ."

हा शब्द वहीत नव्हता. "अंबरीश, काय म्हणाली रे ती?"

पलीकडून तो म्हणाला, "रिकामी आहे म्हणतेय, आई."

"सी, शमिका," बाई म्हणाल्या. हो. तेवढं त्यांना येत होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत लिहिलं : बासीआ, रिकामी. खाली वाक्यासाठी एक ओळ सोडली. ती तशीच राहिली.

नरहरराव बारा जानेवारी दोन हजार चोवीसला, शुक्रवारी सकाळी, त्याच खुर्चीत वारले.